हात लागण्याआधी

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी पेशंटला भेटून येते. ऑपरेशन चालू असताना चेहऱ्याच्या नसेवर मशीनने नजर ठेवणं हे माझं काम. तो चेहरा जागेपणी कसा हलतो, हे आधी पाहिलेलं बरं असतं.

सुलोचनाताई सुदामा नगरच्या. उजव्या कानाच्या नसेवर गाठ, लिंबाएवढी. त्या कानाने ऐकू येणं गेलंच होतं. चेहरा हलवणारी नस त्याच गाठीला चिकटून, ताणली जाऊन धाग्यासारखी झालेली. मी त्यांना डोळे मिटायला सांगितले, गाल फुगवायला सांगितले, हसायला सांगितलं. छान हसल्या.

शेजारी त्यांची मुलगी अनुश्री बसली होती. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. आईचे ओठ बघत बघतच ती बोलायला शिकली.

"कान गया तो गया, बेटा," सुलोचनाताई मला म्हणाल्या, "आमच्या घरी कानावाचून काही अडत नाही. पण तोंड वाकडं झालं ना, तर ही मला वाचणार कशी?"

अनुश्रीने ते ओठांवरून टिपलं. "आई फार बोलते," ती तिच्या जड, सपाट आवाजात म्हणाली. "अर्धं वाचलं तरी पुरे." आईने तिच्या पाठीत हलकी चापट मारली. पण मुलीची नजर आईच्या तोंडावरून हटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांना भूल दिल्यावर, मी उजव्या डोळ्याखाली आणि ओठाच्या कोपऱ्याशी बारीक सुया टोचल्या, वर चिकटपट्टी लावली. नस डिवचली गेली की गालाचा स्नायू फडफडतो, सुई ते पकडते आणि स्पीकरमधून तडतड येते, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. आवाज आला की सर्जनचा हात थांबतो. मग डोकं वळवलं, जंतुनाशक औषधाने पुसलं, हिरवी कापडं पसरली. त्यानंतर चेहरा कुणालाच दिसत नाही. मी फक्त मशीनचा पडदा बघते.

अकराच्या सुमारास तडतड झाली.

"मी कुठे लावलाय हात?" आमचे सर्जन देवदत्त सर म्हणाले. खरंच, त्यांचं हत्यार अजून हवेत होतं. मी वायरी तपासल्या. आकडे ठीक होते. सर त्याच जागी बेताने पुढे गेले, एक पातळ पदर उचलला. खाली नस होती. जिथे असायला हवी होती तिथून बरीच वर, आडवी पडलेली.

दहा मिनिटांनी पुन्हा तसंच. आधी आवाज, मग नस.

"ऋजुता, तुझी मशीन आज कुंडली बघते का?" सरांनी विचारलं. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनीही थट्टा सोडली. हत्याराचं टोक जागेवर धरायचे, थांबायचे. स्पीकर गप्प राहिला तरच पुढे जायचे. बारा वाजले, एक वाजला.

अडीचला शेवटचा तुकडा उरला. या वेळी तडतड नव्हती. एकसलग, बारीक आवाज आला, कुणी ओठ मिटून सूर धरावा तसा. सरांनी बाजू बदलली. सूर थांबला.

तुकडा निघाला.

शेवटी सरांनी नसेला मुळाशी अगदी हलका करंट दिला. पडद्यावर ठोका उमटला, स्वच्छ. नस शाबूत होती.

कापडं काढली आणि मी सुया काढायला वाकले. चेहऱ्यावर सुया नव्हत्या. पट्ट्या औषधाने भिजून सुटल्या होत्या, आणि दोन्ही सुया डोक्याखालच्या टॉवेलमध्ये रुतलेल्या. ते औषध सकाळी एकदाच लावतात. सुयांवर टॉवेलच्या दशा वाळून चिकटल्या होत्या. म्हणजे सकाळपासूनच त्या गालात नव्हत्या.

मी दिवसभर आकडे बघितले होते. कापड उचलून गाल एकदाही बघितला नव्हता.

भूल देणाऱ्या स्मिता मॅडमना मी टॉवेल दाखवला. "अभी रहने दे," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना जाग येऊ दे."

पाचला सुलोचनाताई जाग्या झाल्या. मी हसायला सांगितलं. ओठ दोन्हीकडे सारखे ताणले गेले. डोळे घट्ट मिटले. काहीच गेलं नव्हतं.

मी बाहेर आले. अनुश्री कॉरिडॉरमधल्या बाकावर सकाळपासून बसून होती. तिला वाचता यावं म्हणून मी सावकाश म्हणाले, "आई हसली. अगदी कालच्यासारखी."

तिने माझे ओठ वाचले आणि ती हसली. डावीकडून.

उजवी बाजू तशीच राहिली. उजवा डोळा उघडाच होता, त्यातून पाणी वाहत होतं, आणि तिला ते कळत नव्हतं.

"इथे एसी फार आहे का?" तिने विचारलं. शब्द उजवीकडून सांडत होते. "अकरा वाजल्यापासून हा गाल गार पडलाय."

त्या कॉरिडॉरमध्ये साधा पंखाही नव्हता.