बिनफितीचा विजेता

शर्यतीत पहिला आलेला माणूस दारात उभा होता आणि त्याचं तोंड सगळं हरून आल्यासारखं झालं होतं.

"साहेब, मला लबाड ठरवलंय," कृष्णात म्हणाला.

अरविंदने कॉफीचा पेला खाली ठेवला. कृष्णात त्याच्याच कारखान्यात लेथवर होता, निपाणीकडचा पोरगा. एकसष्ट सालातला तो जानेवारीचा रविवार. सकाळीच सगळ्या कारखान्यांची मिळून शर्यत झाली होती. यशवंतपूरच्या रेल्वे फाटकाला वळसा घालून परत मैदानात यायचं.

"आत ये की, मरी, ये बाळा," त्रिविक्रमराव म्हणाले.

त्रिविक्रमराव खासगी गुप्तहेर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात, त्यामुळे बोलताना मराठीत कन्नड कधी शिरलं हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. अरविंद तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून आला, त्यांच्या माडीवर भाड्याने राहिला, आणि रविवारी बोलायला दुसरं कुणीच नसल्यामुळे त्यांच्यापुढे येऊन बसू लागला. आपण त्यांचे मदतनीस आहोत असंही त्याला हल्ली वाटायला लागलं होतं. वाटू दे बिचाऱ्याला!

"फाटकापाशी प्रत्येकाच्या मनगटात लाल फितीचं कडं घालत होते," कृष्णात सांगू लागला. "ते दाखवलं तरच शर्यत पुरी. माझ्या हातात होतं, देवाशप्पथ होतं. पंचांच्या टेबलाशी गेलो तर नाही. म्हणाले, तू फाटकापर्यंत गेलाच नाहीस, मधूनच फिरलास. उद्या सकाळी कमिटी बसणार. पहिला येईल त्याला दिल्लीला, धावपटूंच्या शिबिराला पाठवणार होते. ते तर जातंच, वर तोंडाला काळं."

"वाटेत पडलं असेल," अरविंद म्हणाला.

"पडलं असेलही. गर्दी काय सांगू! पुढच्याच्या टाचेवर माझा पाय, मागच्याचं कोपर माझ्या बरगडीत. एकाचा बूट निघाला, तो वाकला, तर चौघं त्याच्यावर. पहिला मैलभर मी पळालोच नाही, नुसता ढकलला गेलो. एवढ्या माणसांत ओळखीचं एक नाही. मी पळालो हे सांगणार कोण?"

त्रिविक्रमरावांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले. हात स्वच्छ होते, थोडे तेलकट.

"अंघोळ झाली?"

"कुठली अंघोळ! तसाच आलोय. उमाजीअण्णांनी मैदानावरच पुसून काढलं तेवढंच. मी आलो तो आडवाच झालो. डोळ्यांपुढं अंधारी. त्यांनी ओल्या पंच्यानं तोंड पुसलं, हातपाय पुसले, खोबरेल चोळलं, तेव्हा कुठं उभा राहिलो."

उमाजी म्हणजे कारखान्याच्या कँटीनमधला आचारी, कृष्णातच्याच भागातला. यशवंतपुरात दोघं एका खोलीत राहत.

अरविंदला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. "निदान कुणीतरी ओवाळलं तरी! कपाळावर कुंकू दिसतंय."

कृष्णातने भुवईच्या वर बोट नेलं. "मला कोण ओवाळणार इथं?" तो म्हणाला.

अरविंदलाही तीन महिन्यांत कुणी जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं.

"पुसू नकोस," त्रिविक्रमराव एकदम म्हणाले. "आज रात्रीपर्यंत कपाळाला हात लावायचा नाही. सरी? समजलं ना?"

*

दुपारी अरविंद आणि त्रिविक्रमराव रत्नाकरांच्या घरी गेले; फाटकापाशी फिती घालणारे हे रत्नाकर कारखान्यातच हिशेबनीस. ते आधीच वैतागलेले होते.

"अहो, चेहरे कोण बघतो? झुंबड नुसती! मला फक्त हात दिसत होते. हात आला की कडं घाल, हात आला की कडं घाल. तो आला असेल, नसेलही. मी शपथेवर काय सांगू?"

"कडी विकत आणली होती?" त्रिविक्रमरावांनी विचारलं.

"पांढरी फीत आणून आमच्या बायकोने, हेमलतेने, घरीच रंगवली. आता न्हाणीघर लाल झालंय म्हणून मलाच बोलणी!"

दुसरा आलेला शिवाप्पा घराच्या पायरीवर पाय शेकत बसला होता. बोलला मात्र सरळ.

"मी खोटं सांगणार नाही, सार. फाटकाला मी त्याला पाहिला नाही. परत येताना एकदम मागून आला नि पुढे गेला. कुठून आला, देवाला ठाऊक. पण पळत होता छान. मला असं जिंकायचं नव्हतं."

"फाटकाला तुम्ही कुणाकुणाला पाहिलंत?"

शिवाप्पा जरा ओशाळला. "कुणालाच नाही. पुढच्याची पाठ तेवढी."

त्याच्या उजव्या मनगटाभोवती लाल वळ होता. त्रिविक्रमरावांनी तिकडे पाहिलं.

"त्या फितीचा रंग. घामानं उतरला. वाळल्यावर दोनदा साबण लावला, स्वल्पसुद्धा जात नाही."

बाहेर आल्यावर अरविंद उसळून म्हणाला, "मग झालंच की! कृष्णातच्या मनगटाला वळ नाही. म्हणजे फीत नव्हतीच. पोरगा खोटं बोलतोय."

"वळ नाही, बरोबर," त्रिविक्रमराव म्हणाले. "चला, भाकरीच्या वेळेला त्यांच्या खोलीवर पोचू."

*

खोलीत चूल पेटलेली होती आणि दोन ताटं मांडलेली होती. उमाजी भाकरी थापत होता. कृष्णात भिंतीला टेकून बसला होता.

"बसा, साहेब. आमच्याकडं मराठी माणूस येतं कुठं!" उमाजीला कोण आनंद झाला.

त्रिविक्रमराव बसले नाहीत.

"कृष्णात, पळताना घाम कसा पुसतोस?"

"असा." त्याने उजवं मनगट भुवईवरून फिरवलं. ते बरोबर त्या लाल डागावरून गेलं.

अरविंद पुढे वाकून डाग पाहू लागला.

"ते कुंकू नाही, अरविंद. इथे ह्याला ओवाळणारं कुणी नाही, हे त्यानेच सांगितलं. तो फितीचा रंग. हा फाटकापर्यंत पळाला, फीत घातली, आणि येताना त्या हाताने घाम पुसला. पण मग मनगट स्वच्छ कसं? फीत नुसती गळून पडली असती तर वळ राहिला असता, शिवाप्पासारखा. वाळलेला रंग साबणाला दाद देत नाही. म्हणजे रंग ओला असतानाच कुणीतरी तेल लावून पुसून काढला. फीत काढली त्यानेच. आणि त्या वेळी ह्याच्या हाताला एकाच माणसाचा हात लागला होता."

भाकरी तव्यावर करपू लागली. कुणी उलटली नाही.

"एक कोडं मात्र राहिलं. सगळं तोंड पुसणाऱ्याने नेमका कपाळावरचा डाग का सोडला?" त्रिविक्रमरावांचा आवाज खाली आला. "त्यालाही ते कुंकूच वाटलं, आपल्या अरविंदासारखं. आणि पोराच्या कपाळाचं कुंकू आपल्या हाताने पुसायला त्याचा हात धजला नाही. खरं ना, उमाजी?"

उमाजीने पिठाचे हात तसेच कनवटीला नेले आणि लाल कडं काढून जमिनीवर ठेवलं.

"वाटलं, वाटेत कुण्या बाईमाणसानं लावलं असंल," तो म्हणाला. "ते कसं पुसायचं?"

"अण्णा, तुम्ही?" कृष्णात म्हणाला.

"व्हय, मीच. तू दिल्लीला गेलास की संपलं. दिवसभर सार नि सांबार, कानावर नुसतं कानडी बेकू, बेडा, हवं-नको. रात्री तुझ्याशी चार शब्द आपले बोलतो, त्यावर जगतोय मी. बायको गेली, पोरबाळ नाही. एकट्यापुरती भाकरी थापून बघ म्हणजे कळंल." तो रडू लागला. "पण तुला लबाड म्हणतील हे माझ्या टकुऱ्यात आलं नाही रं. वाटलं, फार तर नंबर जाईल."

कृष्णात उठला आणि बाहेर गेला. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी कमिटीपुढे उमाजी स्वतः उभा राहिला. कडं टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. पंचांनी निकाल फिरवला.

*

दिल्लीला जायच्या दिवशी अरविंद आणि त्रिविक्रमराव सिटी स्टेशनवर गेले. कृष्णात खिडकीशी बसला होता. उमाजी मात्र दूर, खांबाजवळ. दोघांत बोलणं सुरू झालं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

गाडी हलली. कृष्णातच्या कपाळावर, अगदी मधोमध, लाल ठिपका होता.

"काय आहे ते?" त्रिविक्रमरावांनी विचारलं.

"कुंकू," अरविंद म्हणाला. "या खेपेला खरंच कुंकू."

"कशावरून?"

अरविंदने खांबाकडे मान वळवली. "उमाजीच्या अंगठ्याला लागलंय."

गाडी दिसेनाशी झाली तरी उमाजी उभाच होता. मग त्याने अंगठा धोतराला पुसायला नेला, आणि न पुसताच तसाच धरून ठेवला.

त्रिविक्रमराव घरी जायला वळले. अरविंद वळला नाही. तो खांबापाशी गेला.

"उमाजीअण्णा," तो म्हणाला, "आज भाकरी दोघांपुरती थापाल का?"