ज्वारीतली ओ

या, असे जवळ सरकून बसा. बुवांना अजून अवकाश आहे. मृदंगाला कणीक लावणं चाललंय. तोवर एक हकीकत सांगतो, आमच्या जवाईबुवांची, जयवंताची. मी हळू बोलेन, तेव्हा कान इकडे द्या. शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढं नाही म्हणू नका.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईना, त्या सालातली गोष्ट. तेल्हाऱ्याच्या बाजूला जो तो कापसाची पराटीच लावत सुटला होता. जन्मभर बैलांमागं चाललेल्या माणसांच्या दारात घोडी उभी राहिली. मी एक तांबडी घेतली, स्वभावानं गरीब. जयवंतानं घेतली पांढरी, उंच, जरा तऱ्हेवाईक.

जयवंता बडनेऱ्याचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, जमुनेचा नवरा. त्याचं काय सांगू? कीर्तनात बुवा धृपद म्हणता म्हणता अर्ध्यावर सोडून देत आणि मागून जयवंता ते उचलत असे. पुढं बसलेली म्हातारी माणसं मान वळवून पाहत. जमुनेनं बडनेऱ्याच्या देवळात आधी तो आवाज ऐकला होता, तोंड नंतर पाहिलं.

त्या हिवाळ्यात दोघं आमच्याकडे आली होती. जमुनेला दिवस गेले होते. रानडुकरांनी गावात कहर मांडला होता, आणि खुशालराव पाटील घोडेस्वार घेऊन शिकारीला निघणार होते. घोडी दारात आहेत म्हटल्यावर आम्हा दोघांनाही बोलावणं आलं. आमची ती पहिलीच खेप.

निघताना जमुना माझ्या रिकिबीशी आली. जयवंताला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "दादा, यायले जसे नेऊन राह्यला ना, तसेच घेऊन ये."

"डुक्कर मारायले चाललो बाई, लढाईले नाही," मी म्हटलं. ती हसली नाही.

सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं. हाकाऱ्यांचा म्होरक्या पुंजाराम डफडं गळ्यात घालून पुढं चालत होता. जयवंताची आवळलेली बैठक बघून म्हणाला, "लगाम सैल सोडा, जवाईबापू. घोडं आहे ते, कापसाचा बोजा नाही."

"बोजा बरा असते, पुंजारामभाऊ. तो माणसाले पाडत नाही."

सगळे हसले. पूर्णेच्या काठी येईपर्यंत असं हसणं-बोलणं चाललं होतं.

काठाला ज्वारीचा एक लांब पट्टा उभा होता. बाकी शिवारभर पांढरा कापूस, ज्वारी तेवढीच. डुकरं त्यातच असणार, हे उघड होतं. ज्वारी इतकी उंच की घोड्यावरच्या माणसाच्या पागोट्याच्या वर कणसं. मी सहज विचारलं, "पाटील, हे वावर कोनाचं?"

"असंन कोनाचं तरी."

"पेरलं कोनं?"

पाटलांनी भाला या हातातून त्या हातात घेतला. "देवीदास, आत शिरलं की डोये कामाचे नाहीत. कोन कुठं आहे ते आवाजानंच समजते, नाही तर आपलाच भाला आपल्याच माणसाले लागन. मी एकेकाचं नाव घेईन. ज्याचं नाव त्यानं 'आहो' म्हणायचं. बाकी कोनी काही बोललं, बोलावलं, तरी तोंड उघडायचं नाही."

"बाकी कोन बोलणार तिथं?" जयवंतानं विचारलं.

पाटलांनी घोडं आत घातलं.

आत हिरवट उजेड होता. वाळकी पानं दोन्ही बाजूंनी गुडघ्यांना घासत होती. कणसांचा भुसा घामावर चिकटत होता. वर आभाळाची एक चिंधी, बाकी काही नाही. हाकाऱ्यांची डफडी लांबून वाजत होती. मधूनच पाटलांची हाक येई.

"देवीदास."

"आहो."

"जयवंता."

"आहो." हे माझ्या डावीकडून, अगदी जवळून.

बरंच आत गेलो. डुकरांचा वास येत होता, डुक्कर दिसत नव्हतं. मग लक्षात आलं, डफडी थांबली होती. कणसांवर एक चिमणी नव्हती. माझी गरीब घोडी उभी राहिली. टाच मारली तरी पाऊल उचलेना.

नदीच्या अंगानं कुणीतरी गाऊ लागलं.

म्हाताऱ्या माणसाचा, बसलेला, पण फार मायाळू आवाज होता. धृपद आमच्याच गावचं, दर एकादशीला आम्ही म्हणतो ते. 'उभा दारी देवा' इथवर आलं आणि थांबलं. बुवा थांबतात ना, तसंच, मागच्यांनी उचलावं म्हणून.

माझेही ओठ हलले होते. पण जयवंता नेहमीच माझ्या आधी उचलायचा.

"घे रे आत," तो गायला. सुरेल, भरल्या गळ्यानं.

वारा नव्हता. तरी नदीकडून ज्वारी वाकत वाकत आली, आमच्यापाशी थांबली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

"कोन गायलं?" पाटलांनी विचारलं.

मग त्यांनी पुन्हा एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

"देवीदास."

"आहो."

"जयवंता."

"आहो."

आवाज जयवंताचाच होता. आला नदीकडून.

मी डावीकडची ज्वारीची ताटं बाजूला सारली. हाताच्या अंतरावर पांढरी घोडी होती आणि तिच्यावर जयवंता बसलेला होता. तोंड उघडत होता, मिटत होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. आवाज निघत नव्हता.

"जयवंता," पाटलांनी पुन्हा नाव घेतलं.

"आहो," नदीकडून आलं. या खेपेला जरा आनंदात.

बाहेर आल्यावर पाटील त्याच्याकडे पाहीनात. मला एवढंच म्हणाले, "घरी ने. अन् यायले नावानं हाक मारत जाऊ नोको."

जमुना दारातच होती. तिनं नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. कुठं रक्त नाही, खरचटलेलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. मग म्हणाली, "दादा, हे बोलत काऊन नाहीत?"

वैद्य झाले, देव झाले. गळ्यात कुणाला काही सापडलं नाही. दोघं परत बडनेऱ्याला गेलीच नाहीत, आमच्यातच राहिली. पोरगी झाली, तिनं बापाचा शब्द कधी ऐकला नाही. जयवंता कीर्तनाला येत राहिला. या खांबापाशी बसे, टाळी धरी, धृपदाला ओठ हलवी. कापसाचे भाव चढले तसे पडले, दारातली घोडी गेली. काठाचा पट्टा मात्र दर हिवाळ्यात ज्वारीनं उभा राहतो.

गेल्या मार्गशीर्षात तो गेला. केस पांढरे झाले होते, दात पडले होते. दुपारी आम्ही त्याला उचललं तेव्हा जमुना तिरडीमागं धावली. उभ्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, बायका काढत नाहीतच. त्या दिवशी तिनं ते पहिल्यांदा घेतलं, मोठ्यानं, हाक मारल्यासारखं.

"आहो," नदीकडून आलं.

पंचविशीतला, भरल्या गळ्याचा आवाज. खांदेकरी जागच्या जागी थांबले. जमुना मात्र तिरडी सोडून त्या बाजूला वळली, आणि तिला धरून ठेवायला चार बाया लागल्या.

बुवा उठले बघा. तर माझं मागणं हे. आज धृपद उचलाल तेव्हा या खांबाकडे एकदा पाहा आणि जयवंताची आठवण ठेवा. मनातल्या मनात ठेवा, नाव तोंडानं घेऊ नका. अन् जमुना तिथं पुढं बसली आहे. नदीकडचा कान पदरानं झाकलेला नसेल, तर तेवढा झाकून द्या.