उलटं विसण

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नानांनी मला साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर वायरमनला बोलवायला पाठवलं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटत असे. म्हणून मी चिठ्ठी लिहून नेली. वायरमन तात्याबाने ती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "मुकी हायस का गं?"

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही ठरवता आलं नाही.

आता अडीच वर्षांनी मी हे कंदिलाजवळ बसून लिहिते आहे. घरात विजेचा दिवा आहे, पण तो मी लावत नाही. का, ते कळेलच.

नाना म्हणजे माझे चुलते, लालासाहेब. कॅम्पातले लोक त्यांना सुभेदार म्हणत, कारण नानांनीच तसं सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे ते फौजेच्या रसदीच्या गोदामात हवालदार कारकून होते. फौजेतून सुटल्याचा त्यांचा कागद मी वाचला होता. लढाई त्यांनी डब्यांच्या थप्प्यांमागून पाहिली, आणि घरी आल्यावर बूट घालून ताटावर बसू लागले. पाट, चूल, धुरी, राख, मडकी, बायकांची गाणी, सगळ्याला त्यांचा एकच शब्द होता : जंगली. मातीचं एकही भांडं त्यांनी घरात ठेवू दिलं नव्हतं.

माझं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. तिथे मुलींना मराठी चौथीच्या पुढे शाळा नव्हती. मी नानांकडे राहून इंग्रजी चौथीत शिकत होते, आणि नाना आठवड्यातून एकदा तरी मला आठवण देत, "उलट बोललीस, तर पुढच्या गाडीने मेढा." मेढ्याला माझ्यासाठी स्थळ पाहून ठेवलेलं होतं. म्हणून मी बोलतच नसे. न बोलणाऱ्या माणसाला पुष्कळ दिसतं.

नानांनी घेतलेला बंगला आधी कालव्याच्या कामावरच्या एका गोऱ्या साहेबाचा होता. त्याच्या न्हाणीत एक अजब गोष्ट होती. छताला लोखंडी जाळी, आणि जाळीत तारेची वेटोळी. वीज सोडली की ती लाल होत. छतातली शेगडीच म्हणा ना. शेजारी भिंतीत, अगदी वर, वाफ बाहेर टाकणारा पंखा. दोन्ही कित्येक वर्षं बंद होती. पण आता घरात नऊ दिवसांचं बाळ होतं.

काकीची आधीची दोन बाळं पहिल्या महिन्यातच गेली होती. हे तिसरं. काकी त्याच्याकडे पाहायची ती श्वास रोखून. नानांनी मात्र आधीच्या दोघांचा निकाल लावून टाकला होता. "धुराने मेली. खाटेखाली निखारे, चुलवणापाशी आंघोळ! हा माझा मुलगा बाथरूममध्ये न्हाईल. कोरडी ऊब, स्वच्छ हवा."

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बयाबाईने मात्र त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. "आवं सुभेदार, हितं सायबाची आया सायबाच्या लेकराला न्हाऊ घालायची. ते लेकरू थंडीत गेलं. मेल्यावरबी तिनं त्याला हितंच आंघुळ घातली. सायबानं तिला हाकललं, तर दुसऱ्या दिवशी हिरीत घावली."

"मग आता काय ती माझ्या घंगाळात आहे?" नाना म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर हसले. उद्यापासून येऊ नको, असं त्यांनी बयाबाईला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

जाताना बयाबाईने मला मागल्या दाराशी गाठलं. "पोरी, येक ध्येनात ठेव. बाळाच्या पाण्याला आदी ऊन, मग वरनं गार. गारात ऊन वतायचं न्हाई. उलटं इसाण मेल्या माणसाला."

हे मला ठाऊक होतं. कोणत्या मुलीला ठाऊक नसतं? घरोघर आई रोज सांगते. कढत पाण्यावर गार पाण्याचं विसण घालायचं. मृताच्या आंघोळीलाच तेवढं गार पाणी आधी.

तात्याबा मूळचा सांगलीचा, आणि साताऱ्याच्या विजेला तो वीज मानत नसे. लाकडी शिडीच्या घोड्यावर चढून त्याने जाळी उघडली आणि वरूनच ओरडला, "सायेब, तारा जळाल्या न्हाईत. कुणीतरी मुद्दाम तोडल्यात. कुऱ्हाडीनं!"

"तोडणारा गाढव असेल. जोड."

"आन ह्यो पंखा उलटा बसलाय. भाईर टाकायची हवा आत वढतोय."

त्याने पाती फिरवून बसवली, वीज सोडली, आणि विडीचा धूर पंख्यासमोर सोडला. धूर मागे येऊन त्याच्याच तोंडात गेला. त्याने पुन्हा पाती फिरवली. पुन्हा तेच. आत येणाऱ्या त्या हवेला वास होता… गार फरशीवर कढत पाणी पडलं की उठतो तसा, आणि त्यात ओल्या राखेचा. पंख्याच्या खोक्यातली धूळ त्याने बोटाने काढली. ती ओली होती.

"सांगलीत हेच शिकवतात वाटतं," नाना म्हणाले.

"सांगलीत वारं बी शिकल्यालं असतंय, सायेब," तात्याबा म्हणाला, पण हसला नाही. मला त्याने हात धुवायला ऊन पाणी मागितलं. मी घंगाळ पालथं घातलं, पुसलं, उताणं ठेवलं, आणि परसातल्या बंबातून बादली भरून आणली. परत येते तो घंगाळ गार पाण्याने निम्मं भरलेलं.

"तुम्ही भरलंत?" मी विचारलं. दिवसभरातला माझा तो पहिला शब्द.

"म्या अजून घोड्यावरच हाय की गं." तो घंगाळाकडे बघत राहिला. मग हात न धुताच उतरला, आणि पैशाचं नावही न काढता निघून गेला.

अकराव्या दिवशी सकाळी नानांनी छतातली शेगडी लावली. तारा तांबड्या झाल्या. भिंती, काकीचा चेहरा, तिच्या मांडीवरचं बाळ, सगळं तांबडं दिसू लागलं. पंखा संथ फिरत होता. मी घंगाळ पालथं घातलं, तळ कोरडा पाहिला, उताणं केलं आणि पाण्याला गेले. बादली घेऊन आले, तर घंगाळात निम्म्यापर्यंत गार पाणी, आणि ते अजून हलत होतं.

"काकी, हे कुणी…?"

काकीने मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "म्या डोळं मिटलं न्हाईत, कला. नुसतं भरत आलं…"

"ओत," नाना दारातून म्हणाले.

"नाही."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी म्हणाले, "गार पाणी आधी आहे, नाना. उलटं आहे. बाळाला नको."

नाना मनापासून हसले. हसताना त्यांच्या मिशीला पीळ पडत असे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "इंग्रजी चौथी! यासाठी तुझी फी भरली मी?" माझ्या हातातली बादली घेऊन त्यांनी ती घंगाळात उपडी केली. वाफ उठली, पंख्याकडे गेली, आणि परत आमच्या तोंडावर आली.

मी बाळ काकीच्या मांडीवरून उचललं आणि परसात पळाले. मागून काकीही आली. तिने मला अडवलं नाही. माझ्या आणि न्हाणीच्या परसाकडच्या दाराच्या मध्ये उभी राहिली, आणि नवऱ्याकडे वर मान करून बघण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

"ठीक," नाना आतून गरजले. "या पाण्याने मीच आंघोळ करतो. बघा डोळे फाडून. आणि कला, तुझा बिस्तरा बांध. परवाची गाडी."

आतून कडी लागली. पितळेच्या तांब्याचा आवाज येऊ लागला : बुडवला, ओतला, बुडवला, ओतला. मी मोजत नव्हते, पण मध्येच एक आवाज वेगळा आला. जड, बद्द. गाडगं पाण्यात बुडवल्यासारखा. पुन्हा आला. घरात मातीचं भांडं नव्हतं.

काकीने माझं मनगट धरलं. "दोघं… दोघं पाणी घालतायत गं…"

नाना बाहेर आले ते चिडून. "बयाबाईला आत कुणी घेतलं? पाठीवर पाणी घालायला मी सांगितलं होतं?"

परसात दहिवर पडलं होतं, आमच्या तोंडातून वाफ निघत होती. नुकत्याच कढत पाण्याने न्हायलेल्या नानांच्या अंगातून मात्र वाफ निघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांना हीव भरलं. आंघोळ केली नाही, दाढी केली नाही, दोन घोंगड्या घेऊन आरामखुर्चीत बसले. त्यातही त्यांनी काकीला चहा बेचव झाल्याचं सुनावलं आणि मला गाडीची वेळ वाचून दाखवायला लावली. दुपारी मी पाणी द्यायला गेले, तर ते गेलेले होते. मला त्यांची कीव आली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आधी बिस्तरा आठवला.

सुतकामुळे बारसं राहिलं. अंगणात तीन दगडांवर पाणी तापलं, कुणीतरी कुंभाराकडून गाडगं आणलं. शेजारचे दादासो आंघोळ घालायला पुढे झाले. त्यांनी घोंगडी काढली, नानांच्या डोक्याला हात लावला, आणि तसाच मागे घेतला.

"आवं… केस वलं हायती. पाठ बी. आन पाठ ऊन हाय…" त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "ह्यास्नी आंघुळ कुणी घातलीया?"

गर्दीत बयाबाई उभी होती. तिने डोळ्यांनीच बाळ शोधलं, ते माझ्या हातात आहे हे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

काकीने मला मेढ्याला जाऊ दिलं नाही. तात्याबाने येऊन तारा तोडल्या, पंख्याच्या भोकावर परसाच्या बाजूने फळी ठोकली आणि न्हाणीला कुलूप घातलं. विजेचा दिवा लावला की मला त्या तांबड्या भिंती दिसतात, म्हणून मी कंदील वापरते. बाळाचं नाव ज्ञानू ठेवलं. तो त्या न्हाणीत कधी गेला नाही. मी त्याला परसात, उन्हात, दगडावर बसवून न्हाऊ घालते. आधी ऊन, मग गार. घंगाळ रोज पालथं घालून बघते.

आज सकाळी तो दगडावर बसला. मी घंगाळात कढत पाणी ओतलं आणि विसणाची कळशी उचलली, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.

"तायडे, आदी गार."

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मी कळशी खाली ठेवली. "कोण म्हणालं रे तुला?"

तो वर बघून हसला, भिंतीतल्या त्या फळीकडे. "ती तशीच घालती की."

मी त्याला उचलायला हात पाठीमागे घातला. मी अजून एकही तांब्या घातला नव्हता, आणि त्याची पाठ ओली होती.