न लावलेलं मलम

चूडधारच्या शिखराखाली, जिथे बर्फ संपतो आणि गवत सुरू होतं, तिथली माती आणायला आम्ही निघालो होतो. चाळीस काचेच्या नळ्या भरायच्या होत्या. त्या थंडगार मातीत नवं प्रतिजैविक तयार करणारे जिवाणू सापडतील, अशी चंडीगडच्या सेक्टर ३९ मधल्या आमच्या संस्थेला आशा होती. १९८८ चा मे महिना होता, दहशतवादाचे दिवस. चंडीगडच्या चौकाचौकात वाळूची पोती आणि बंदुका होत्या. "आत्ताच कशाला?" असं घरचे म्हणाले. पण बर्फ वितळून गेला असता तर ती माती वर्षभर मिळणार नव्हती.

आम्ही तिघं मराठी होतो. मी श्रीपाद, संस्थेतला नवखा संशोधक. प्रयोगशाळेतले राजाभाऊ फलटणचे, पन्नाशीचे, खांद्यावर पोतं टाकून धावतील असे. आणि चंडीमंदिर छावणीतल्या वसुधाताई. त्यांनी लष्करी रुग्णालयांत बारा वर्षं परिचारिका म्हणून काम केलं होतं, यजमान मेजर होते आणि डोंगर चढण्याचं त्यांना वेड होतं. सरदार गुरमेल सिंग जीप घेऊन पायथ्याच्या नोहराधार गावात थांबले. वर आमच्याबरोबर आला तो दिलाराम, तिथलाच वाटाड्या.

चढ छातीवर येणारा होता. देवदारांच्या गर्द सावलीतून आम्ही वर आलो, तेव्हा कुरणांवर पिवळी फुलं पसरली होती आणि त्यांच्या पलीकडे घळींमधून मळकट बर्फाच्या जिभा लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाळीसही नळ्या भरल्या!

"चहा टाकतो आता," असं म्हणत राजाभाऊंनी रॉकेलचा स्टोव्ह पुढ्यात ओढला. पिन घातली. पंप मारला. स्टोव्ह पेटेना. त्यांनी आणखी पंप मारला.

भडका उडाला!

पेटतं रॉकेल त्यांच्या उजव्या हातावर आणि डाव्या पोटरीवर उडालं. राजाभाऊ ओरडत धावत सुटले. दिलारामनं झेप घेऊन त्यांना गवतात पाडलं आणि उघड्या तळहातांनी ज्वाळा दाबल्या. मी घोंगडी टाकली. आग विझली.

मी बर्फाचा गोळा उचलला.

"बर्फ नको!" वसुधाताई कडाडल्या. "कातडी आणखी मरेल. पाणी आण!"

ओढा पन्नास पावलांवर होता. मी पातेली भरभरून आणत राहिलो. घड्याळ लावून वीस मिनिटं वसुधाताई राजाभाऊ आणि दिलाराम दोघांच्या भाजलेल्या जागांवर पाणी सोडत होत्या. बाकीचं अंग गारठू नये म्हणून ते त्यांनी घोंगड्यांत गुंडाळलं. सूज यायच्या आत राजाभाऊंची अंगठीही काढून घेतली. दिलाराम म्हणाला, "बहनजी, घी लगा दो." त्यांनी नुसती मान हलवली, "नाही" म्हणून.

मग त्यांनी पिशवीतून पांढऱ्या मलमाची ट्यूब काढली. सिल्व्हर सल्फाडायझिन. भाजलेल्या जखमेत जंतू वाढू नयेत म्हणून लष्करी रुग्णालयांत तेच वापरायचे. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण टोपण त्या काही उघडेनात.

"राजाभाऊ, सल्फाची गोळी कधी सोसली नाही, असं झालंय का?"

"न्हाय वो ताई. मला दगूड बी पचतो," राजाभाऊ दात आवळून म्हणाले.

"नीट आठवा. जुलाबाला, लघवीच्या जळजळीला कधी मोठी पांढरी गोळी घेतलीत?"

राजाभाऊ आठवू लागले. मग हळूच म्हणाले, "एकदा घेतली व्हती, फलटणला. अंगभर चट्टं उठलं. तोंड आतनं सोलून निघालं. आठ दिस पेजेवर व्हतो. पर ती गोळी, आन् हे तर मलम!"

"मलम असलं तरी औषध तेच. एवढ्या उघड्या जखमेतून ते रक्तात जातं." वसुधाताईंनी ट्यूब बाजूला ठेवली. "तुम्हांला हे लावायचं नाही."

"पण ताई, दुसरं काय आहे आपल्याकडे?" मला राहवेना. "दोन दिवसांची वाट आहे. जखम चिघळली तर?"

"चिघळू नये म्हणून जपू या. पण तोंड सोलणारं ते दुखणं पुन्हा उसळलं, तर या डोंगरावर मी काही करू शकणार नाही."

त्यांनी फोड न फोडता जखमांवर व्हॅसलीनची निर्जंतुक जाळी ठेवली आणि वर सैल पट्ट्या बांधल्या. मग पेननं हातावरच्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं : NO SULFA.

दिलारामलाही त्यांनी तसंच विचारलं, वर आणखी दोन प्रश्न. कुठल्या औषधानं कधी चट्टे? औषधानंतर लघवी काळपट झाली होती? कावीळ? तिन्ही वेळा "नहीं बहनजी" असंच उत्तर आलं. तेव्हा कुठे त्यांनी निर्जंतुक हातमोजे घातले आणि त्याच्या तळहातांवर मलमाचा पातळ थर दिला. त्याचा गालही होरपळला होता. तिथे मात्र मलम नाही. "डोळ्याच्या इतक्या जवळ नको," त्या म्हणाल्या.

आता खाली उतरायचं होतं! राजाभाऊंना पाय टेकवत नव्हता आणि दिलारामचे हात बांधलेले होते. दिलारामच्या पट्टूनं, म्हणजे जाड लोकरी शालीनं, राजाभाऊंना मी पाठीवर बांधून घेतलं, तर नळ्यांची पेटी न्यायची कशी? पेटी मी एका खडकाच्या कपारीत ठेवली. फक्त बारा नळ्या मोज्यांत गुंडाळून कोटात कोंबल्या. जीव हळहळला, पण मागे वळून पाहिलं नाही.

तासाभरात आभाळ फुटलं. सुपारीएवढ्या गारा! कुरणात म्हशी चारणाऱ्या गुज्जरांच्या झोपडीनं आम्हांला वाचवलं. तिथल्या म्हातारीनं म्हशीचं दूध पाजलं आणि पाणी उकळून दिलं. सकाळी त्याच पाण्यानं, ते निवल्यावर, वसुधाताईंनी दिलारामच्या हातांवरचं कालचं मलम पूर्ण धुऊन काढलं, जखम पाहिली आणि मगच नवा थर लावला.

"त्यावरच का नाही लावत?" मी विचारलं.

"खाली काय चाललंय ते दिसायला नको?"

राजाभाऊंची जखम स्वच्छ होती. ताप नव्हता. चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं पाणी त्या त्यांना घोट घोट पाजत होत्या.

खालच्या वाटेवरचा नाला मात्र दुथडी भरला होता. चढताना घोट्याएवढं असलेलं पाणी आज मांडीपर्यंत चढलं होतं. दिलाराम पुढे गेला, कोपरांनी तोल सावरत, पायानं दगड चाचपत. "यहाँ रखो! अब यहाँ!" मी पाऊल टाकलं. दगड हलला! पाठीवर राजाभाऊंचं ओझं झुकलं, पाणी कमरेला भिडलं, मी कोसळलोच होतो. वसुधाताईंनी मागून माझा पट्टा घट्ट धरला. दिलारामनं कोपर पुढे केलं. मी त्याला लोंबकळलो. एक पाऊल. आणखी एक. काठ!

"सोड की मला," राजाभाऊ कानाशी म्हणाले. "म्या काय पोरगं हाय व्हय उचलायला?" आणि आम्ही चिंब भिजलेले सगळे हसत सुटलो.

नोहराधारला जीप होती. दिलाराम हट्टानं बरोबर आला. वाटेतल्या दवाखान्यात राजाभाऊंना सलाईन लावलं, पण कातडी बसवावी लागेल म्हणून पुढे चंडीगडला न्या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. शहराच्या अलीकडे नाकाबंदी होती. शिपायांनी गुरमेलजींना खाली उतरवलं, हात वर करायला लावले. माझ्या कोटातून बूच लावलेल्या बारा नळ्या निघाल्या आणि बंदुका आमच्याकडे वळल्या.

"ये क्या है?"

"मिट्टी," मी म्हणालो.

वसुधाताई दोन्ही हात दिसतील अशा उतरल्या. चंडीमंदिरचं ओळखपत्र पुढे केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "खोलकर देखिए. मिट्टी ही है. पर पहले मेरे मरीज़ को देखिए. और सरदारजी हमारे साथ हैं, इन्हीं की वजह से हम यहाँ तक पहुँचे."

हवालदारानं एक नळी उघडली, वास घेतला. मग जीपमध्ये डोकावला. पट्ट्यांमधले राजाभाऊ त्याच्याकडे बघत म्हणाले, "रामराम साहेब." हवालदारानं स्वतः अडथळा बाजूला केला. गुरमेलजींच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "जल्दी निकलो, सरदारजी."

मोठ्या रुग्णालयात त्या दिवशी रुग्णांची रीघ लागली होती. दमलेल्या तरुण डॉक्टरानं पोटरीवरची जाळी काढली, "चांगली आहे," असं पुटपुटत मलमाची बरणी ओढली आणि लाकडी चमचा आत बुडवला. पांढरा गोळा जखमेवर येणार, एवढ्यात त्याची नजर हातावरच्या पट्टीवर गेली.

चमचा हवेतच थांबला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," वसुधाताई म्हणाल्या आणि गोळीची हकीकत सांगितली.

डॉक्टरानं बरणी लांब सरकवली. परिचारिकेला दुसऱ्या औषधाची पट्टी आणायला सांगितली. मग तो वसुधाताईंकडे वळला. "डोंगरावर याहून जास्त कोणी काही करू शकलं नसतं, मॅडम."

दोन दिवसांत पहिल्यांदाच वसुधाताई खुर्चीत बसल्या.

दिलारामचे तळहात अठरा दिवसांत भरून आले. राजाभाऊंच्या पोटरीवर छोटंसं कातडं बसवावं लागलं. ऑक्टोबरमध्ये कपारीतली पेटी आणायला आम्ही पुन्हा चूडधार चढलो. या वेळी राजाभाऊ सगळ्यांच्या पुढे होते. शेवटचा खडक त्यांनी दोन्ही हातांनी धरला, अंग वर खेचलं आणि माथ्यावर उभं राहून आम्हांला हाक मारली, "या की वर! वारा लई ग्वाड हाय!"