पिवळी वायर

माझा धाकटा भाऊ कल्याणराम वीज मंडळातून रिटायर झाला आणि लगेच त्याने चाकांवरचं घर विकत घेतलं. कावेरीच्या खोऱ्यात तेल शोधणाऱ्या एका कंपनीने तळ हलवताना मोडीत काढलेला छोटा ट्रेलर होता तो. जीपमागे जोडायचा, आत एक बाक, एक ओटा आणि भरपूर जळमटं. ते साल चौऱ्याण्णव. तंजावुरात घरोघरी केबल टीव्ही आला होता, आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ट्रेलर शिरताना लोंबत्या केबली बांबूने उचलून धराव्या लागल्या. सगळी गल्ली गंमत बघायला बाहेर आली. मी आतच बसले, कारण मला राग आला होता.

कल्याणरामची बायको भामा आदल्या वर्षी गेली. तिची आयुष्यभराची एकच इच्छा होती, कुळदैवत डोळ्यांनी पाहायचं. आमचे पूर्वज मुलूख सोडून इकडे आले त्याला तीनशे वर्षं होत आली, पण खंडोबाची तळी आम्ही अजून तंजावुरात बसूनच भरतो. जेजुरी कोणी पाहिलेली नाही. भामा लॉजमध्ये उतरणार नाही, परक्या चुलीवरचं खाणार नाही, इतकं तिचं सोवळं कडक. म्हणून कल्याणरामने तिला शब्द दिला होता, की रिटायर झालो की तुझं स्वयंपाकघरच बरोबर घेऊन जाऊ. तेवढी ती थांबली नाही. आणि आता हा हृदयाचा रोगी एकटाच जीप हाकत जेजुरीला निघाला होता.

"एकटा जाऊं नकोस, कल्याणा. संध्याकाळची गोळी कोण देईल?" मी विचारलं.

"मीच घेतों कीं, अक्का. वर्षभरांत एकदां तरी विसरलों?"

विसरला नव्हता, हे खरं. भामा होती तोवर तिने टोकल्याशिवाय त्याने गोळी घेतली नव्हती. म्हणून तर ती गेल्यावर मी कुंभकोणमची खोली सोडून इथे राहायला आले. पण मी तोंड उघडायच्या आतच तो गोळी घेऊन मोकळा होई. दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या भिंतीत टकटक, दोनदा, आवाज यायचा. पाल असेल म्हणून मी 'सत्य सत्य' म्हणायची, आणि तेवढ्यात हा पाण्याचा लोटा घेऊन उठलेला असायचा.

मी शांभवी. जन्मभर मुलींना फिजिक्स शिकवलं. भुतांवर माझा विश्वास नाही, आणि नवऱ्यावर ठेवायची वेळच आली नाही.

या घरातल्या वायरींची एक गंमत सांगायला हवी. मी आले त्या आठवड्यात इडलीचं पीठ वाटता वाटता ग्राइंडर बंद पडला. मी प्लगच्या बोर्डाचं लाकडी झाकण उघडलं, तर आत लाल वायर होतीच, पण काळीच्या जागी पिवळी. वास्तुशांतीच्या वेळच्या चुन्याचा एक ओघळ तिच्यावरून खालच्या स्क्रूपर्यंत सुकला होता. मंडळाचा माणूस आणि असली वायरिंग? मी विचारलं तेव्हा कल्याणराम लाजला.

"भामानें हट्ट धरला. नव्या घराच्या भिंतींत काळें ओढायचें नाहीं म्हणाली. मंजळ आण म्हणाली."

मंजळ म्हणजे तमिळमध्ये हळद. तेव्हा सगळ्या घराला हळदीच्या रंगाची वायर. त्याचे सोबती वर्षानुवर्षं त्यावरून हसत होते.

ट्रेलरला मात्र त्याने लाल आणि काळी आणली.

"आतां भांडायला कोण आहे?" तो म्हणाला.

वायर दिसता कामा नये, ही भामाची दुसरी अट. ती त्याने पाळायची ठरवली. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, मध्ये बोटभर पोकळी आणि तीत लोखंडी फासळ्या. प्रत्येक फासळीला भोक पाडून त्याने रबरी बूच बसवलं, म्हणजे गाडीच्या हादऱ्याने भोकाची कड वायरीला कापणार नाही. मग पोलादी तार एका टोकाने ढकलायची, दुसऱ्या टोकाला बाहेर आली की तिला वायरी बांधून ओढून घ्यायच्या. घर बांधलं तेव्हा ओढायला भामा असायची. तार हाताशी आली की ती बांगडीने भिंतीवर दोनदा वाजवायची. हे मला त्यानेच सांगितलं, रबरी बुचं बसवता बसवता, अगदी हौसेने.

आता ओढायला मी. भर दुपारची वेळ. तो बाहेर, पुढच्या बॅटरीच्या पेटीपाशी. मी आत, मागच्या ओट्यापाशी, भोकावर डोळा ठेवून. प्लायवूड तापलं होतं, जुन्या सरसाचा वास सुटला होता.

पोलादी तार आली. मी वायरी ओढायला लागले. पहिल्या फासळीपर्यंत जड गेलं. मग हात एकदम हलका झाला.

"सावकाश, अक्का!" बाहेरून तो ओरडला. "इतक्या जोरांत ओढूं नकोस."

"मी ओढत नाहीं," मी म्हणाले.

मी तार सोडून दिली होती. तरी ती माझ्या मांडीवर वेटोळं घालत हळूहळू येतच होती.

मग प्लायवूडच्या आत, बाकाच्या मागे, टकटक झालं. दोनदा.

"आली वाटतें हाताशीं," तो खुशीत म्हणाला. "वाजवलेंस कशानें?"

माझ्या हातात घड्याळाखेरीज काही नसतं. वायरींची टोकं भोकातून बाहेर आली होती. एक लाल.

एक पिवळी.

मी त्याला आत बोलावलं. त्याने पाहिलं, बाहेर जाऊन पेटीत पाहिलं. पेटीत काळी होती. त्याने मीटर लावला. काटा सरळ पलीकडे गेला. वायर एकच होती, कुठे तुटलेली नव्हती.

"बाकामागें सांधा असेल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच पटला नाही. "प्लायवूड काढून बघूं."

तो पायरीवर बसला होता. डोळे भरले होते आणि तो हसत होता. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याला तसं हसताना पाहिलं.

"अजून भांडते बघ," तो म्हणाला. "झांकलेलें असूं दे, अक्का."

पेचकस माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. त्यानंतर एकटा जाऊ नकोस असं मी त्याला म्हटलं नाही.

चाकाखाली लिंबू ठेवून तो निघाला. मी डब्यात चिंचभात दिला, आणि का कोण जाणे, दोघांना पुरेल इतका दिला.

त्या दिवशी दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात होते. 'सत्य सत्य' म्हणायची सवय, म्हणून वाट पाहिली. भिंत गप्प होती. दुसऱ्या दिवशीही गप्प.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्राइंडर पुन्हा अडला. मी बोर्डाचं झाकण काढलं आणि तशीच उभी राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. बेळगावच्या एसटीडी बूथवरून कल्याणराम बोलत होता. आवाज असा, की वाटावं वीस वर्षांनी लहान झालाय.

"मी बरा आहें, अक्का. जेवण होतें वेळेवर. आणि गोळी चुकत नाहीं. दिवे लागले कीं बाकामागें टकटक होते. घरीं होते ना? तूं एकटी आहेस, म्हणून विचारतों."

हो म्हटलं तर तो पुढे जाणार होता. नाही म्हटलं तर तिथूनच परत फिरला असता. माझा भाऊ मला ठाऊक आहे.

"होते कीं," मी म्हणाले. "रोज होते. तूं जेजुरी बघून ये."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात आले. बोर्ड उघडाच होता. आत लाल वायर होती आणि तिच्या शेजारी काळी. वास्तुशांतीच्या चुन्याचा तो जुना ओघळ काळीवरून खालच्या स्क्रूपर्यंत सलग उतरला होता, कुठेही तडा न जाता.