खऱ्याला दोन टक्के

जननसाहाय्य केंद्रातल्या भाकितयंत्राने निकाल पडद्यावर टाकला: गर्भ टिकण्याची शक्यता दोन टक्के. वृषाली धोंगडेने तो दोनदा वाचला. आकडा दहाच्या खाली आला की शीतकोशाचं कुलूप उघडायचंच नाही, असा नवा कायदा होता. आणि त्या शीतकोशात तिचा आणि निरंजनचा शेवटचा भ्रूण गोठवून ठेवलेला होता.

"यंत्र चुकतं का हो कधी, डॉक्टर?"

"हिशेबात नाही चुकत," डॉ. मृणाल खाडिलकर म्हणाल्या. "हजारो जोडप्यांनी स्वतःची जी माहिती दिली, त्यावरून ते शिकलंय. तुम्ही आधीचे गर्भपात तीन लिहिलेत, तिथेच घात झाला." मग दार लोटून घेत त्या हळूच म्हणाल्या, "शून्य लिहा. आकडा साठावर जाईल. बऱ्याचजणी तसंच करतात."

वृषाली मिरजेच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. बाई रडवेली झाली होती खरी, पण डोकं काही गहाण टाकलेलं नव्हतं.

"बऱ्याचजणी म्हणजे कोण?"

"ज्यांना लपवता येतं त्या. सासरी कळू नये, चारचौघांत बोभाटा होऊ नये म्हणून."

"आणि खरं कोण लिहितं?"

"ज्यांचा आजार मोठा असतो. त्यांचे जुने रिपोर्ट आमच्याकडे असतातच, मग लपवणार काय?"

"अहो, मग खरं लिहिणाऱ्यांत यंत्राला दिसल्या त्या फक्त आजारी बायका!" वृषाली ताडकन उठली. "तीन गर्भ गेल्यावरही ज्यांची कूस उजवली, त्या जाऊन बसल्या शून्यवाल्यांत. मी धडधाकट आहे, पण यंत्र मला आजाऱ्यांच्या रांगेत उभं करतंय."

डॉक्टरांनी माहितीचा अर्ज पुन्हा तिच्यापुढे सरकवला. "तरीही शून्यच लिहा," त्या म्हणाल्या.

"मी शून्य लिहिलं नि मला बाळ झालं, तर तेही शून्यवाल्यांतच जमा होईल आणि उद्या खरं लिहिणारीचा आकडा तसाच खाली राहील. नको. इथे आधी बाळ झालेल्या बायकांनी स्वतःची माहिती दुरुस्त केली तर?"

"यंत्र लगेच नव्याने शिकतं. पण कोण करणार?"

खालच्या सभागृहात बाळमेळावा भरला होता. इथे जन्मलेली पोरं दरवर्षी आयांसकट येत, फुगे फोडत, जिलेबी खात. पहिल्या रांगेत निरंजनशेजारी त्याची आई, गोदाबाई, बसल्या होत्या. सुनेला सोबत म्हणून आलेल्या. गेलेल्या गर्भांविषयी त्यांना काहीच माहीत नव्हतं. खाली आलेली वृषाली त्यांना पाहून दारातच थांबली, पण मग पुढे जाऊन तिने माईक धरलाच.

"माझे तीन गर्भ गेले. पहिल्याचं तर नावही ठरवलं होतं. तिसऱ्याच्या वेळी कुणाला कळू नये म्हणून मी दुसऱ्याच दिवशी जाऊन तास घेतला. तुमच्यात अशी कुणी आहे का? तुमचं खरं यंत्राला कळलंच नाही, म्हणून ते आम्हाला दार उघडत नाही."

कुणी उठेना. वृषालीला वाटलं, संपलं. होती नव्हती तेवढी अब्रूही गेली. तेवढ्यात जिलेबीने बरबटलेल्या पोराला कडेवर घेऊन एक बाई पुढे आली. "माझे दोन," ती म्हणाली. "फक्त नवऱ्याला ठाऊक." मग दुसरी आली, मग जुळ्यांना ओढत तिसरी, आणि बघता बघता रांग दारापर्यंत गेली. प्रत्येकीला सांगायचंच होतं. सांगून झालं की ती माईकशेजारच्या यंत्राच्या पडद्यावर अंगठा टेकवून आपली माहिती दुरुस्त करी. वृषालीच्या मागोमाग खाली आलेल्या डॉक्टर तिचा बदलता आकडा मोठ्याने वाचू लागल्या. चार. सात. नऊवर तो असा अडून बसला की निरंजनने देवाला नारळ कबूल केला. मग अकरा. आणि रांग संपेस्तोवर सव्वीस!

कुलूप उघडल्याची घंटा वाजली आणि अख्खं सभागृह ओरडलं. निरंजन तर पोरांत पोर होऊन नाचला.

गोदाबाई काठी टेकत माईकपाशी आल्या. वृषालीने मान खाली घातली. आता ऐकून घ्यायची तिची तयारी होती.

"माझी चार गेली," गोदाबाई म्हणाल्या. "ह्या निरंजनच्या आधी. ह्याच्या बाला दोनच म्हाईत हुती."

निरंजन नाचायचा थांबला. म्हातारीने पडद्यावर अंगठा दाबला. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबला.

"आजी, यंत्र फक्त इथल्या रुग्णांचंच घेतं हो," डॉक्टर अवघडून म्हणाल्या.

"यंत्राला नगं तर ऱ्हाऊ दे." गोदाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. "हिला कळलं, न्हवं? झालं मग."