बागेचे बारा वाजले!

ठण्! ठण्! ठण्!

बागेतल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाने बाराचे ठोके दिले आणि भोंगा झाडावरून धपकन खाली उतरला.

"जेवणाची वेळ झाली! चला, पळा!"

"अरे, आत्ताच तर नाश्ता करून आलो आपण!" ताई ओरडली. पण जेवणाच्या बाबतीत भोंगा कुणाचं ऐकेल तर शपथ! तो फाटकाबाहेर पोचलासुद्धा. थोड्या वेळाने परत आला तो पडलेलं तोंड घेऊन.

"मामी म्हणाली, नऊ वाजलेत. वर म्हणाली, तुझ्या पोटात काय गजर लावलाय का?"

ताई आणि भोंगा ही बहीणभावंडं दर सुट्टीत मामाकडे यायची. ताई तेरा वर्षांची आणि सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांचीच ताई. भोंग्याने कानात सांगितलेलं गुपित तीन घरं पलीकडे ऐकू जायचं, त्यामुळे त्याच्या नावाचं वेगळं कारण सांगायला नको. तिसरी मामाची मुलगी, वय वर्षं दहा. तिला उठता-बसता शंका यायच्या, म्हणून ती शंकासुर.

"मला एक शंका आहे," ती आत्ताही म्हणालीच. "बिघडलेलं घड्याळ मागे पडेल, नाहीतर पुढे जाईल. हे बरोबर बारा ठोके देऊन पुन्हा शहाण्यासारखं नऊवर कसं येऊन बसलं?"

उत्तर द्यायला कुणाला वेळच मिळाला नाही. कारंज्यापाशी आरडाओरडा सुरू झाला होता. बागेचे व्यवस्थापक माळीकाकांवर डाफरत होते. या साहेबांच्या शर्टाला कधी एक सुरकुती दिसायची नाही. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं इस्त्रीसाहेब.

"परवा भर दुपारी बागेतले सगळे दिवे लागले! काल कारंजं आपोआप उडालं आणि बाकावरच्या आजोबांचं वर्तमानपत्र भिजलं! आज हे घड्याळ! पंपघराची किल्ली कुणाकडे असते? तुमच्याकडे!"

"साहेब, मी कश्शाला हात लावला नाही हो," माळीकाका म्हणाले.

"मग काय भुताने लावला? आज संध्याकाळी कारंज्याचं उद्घाटन आहे, पाहुणे येणार आहेत. पुन्हा एकदा जरी असं काही झालं, तर किल्ल्या ठेवायच्या आणि खोली रिकामी करायची!"

माळीकाका बागेमागच्या खोलीत राहायचे. दर सुट्टीत ते या तिघांना एकेक रोप लावायला द्यायचे आणि पुढे वर्षभर स्वतः जपायचे. 'भोंग्याचं रोप मालकासारखंच आहे, कितीही घाला, पुरत नाही,' असं ते म्हणायचे.

"काका गेले तर माझ्या रोपाला कोण बघेल?" भोंगा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज अगदी हळू आला.

"काका कुठेही जाणार नाहीत," ताईने जाहीर केलं. "हे कोण करतंय ते आपण शोधायचं. संध्याकाळच्या आत!"

पहिला मोर्चा वळला मामाच्या खोलीकडे. कारण बागेतलं कारंजं, दिवे आणि घड्याळ, सगळं चालायचं ते मामाने लिहिलेल्या प्रोग्रामवर. मामा वायरींच्या जंजाळात बसला होता. टेबलावर चहाचे तीन कप होते, तिन्ही अर्धे, तिन्ही गार.

"माझ्या प्रोग्राममध्ये चूक? छे!" मामा हसला. "संगणक चुकत नाही गं, माणसं चुकतात! आणि आता तर मी एक भन्नाट गोष्ट केलीय. माझा एआय मदतनीस आहे ना, प्रोग्राम लिहून देणारा? त्याला मी फोनवरच्या मेसेजच्या ग्रुपला जोडून टाकलाय. आता टेबलापाशी बसायलाच नको! कुठूनही ग्रुपवर लिहायचं, 'कारंजं जरा उंच कर'. की तो स्वतः प्रोग्राम बदलतो आणि बागेतल्या संगणकावर चढवतोसुद्धा!"

"तुला न विचारता?" शंकासुरने विचारलं.

"अगं, विचारत बसला तर तो मदतनीस कसला? मी त्याला बजावलंय, 'या ग्रुपवर जे येईल ते बागेचं काम समज, मला विचारू नकोस, उत्तरं देऊ नकोस, मुकाट्याने करून टाक.'"

"आणि आतापर्यंत त्याने काय काय केलं?"

"अजून काही सांगायची वेळच आली नाही. सगळं इतकं चोख आहे!" मामाने कॉलर ताठ केली आणि उद्घाटनाच्या तयारीसाठी तो बागेकडे निघून गेला.

बागेत पुरावे शोधता शोधता दुपार कलली, तेव्हा कुठे तिघं जेवायला बसली. भाजीला करपट वास येत होता.

"नाक मुरडू नका," मामी म्हणाली. "सकाळी फोनवर बोलत राहिले आणि भाजीचे पार बारा वाजले. ग्रुपवर सांगितलं तर सगळे दात काढतायत."

शंकासुरचा घास हातातच राहिला. "आई, भाजीचे किती वाजले म्हणालीस?"

"बारा! का?"

"आणि हे ग्रुपवर कधी लिहिलंस?"

"नऊ वाजता. बरोबर त्याच वेळी हा भोंगा जेवण मागत आला होता."

ताई ताडकन उठली. "मामी, तुझा फोन दे!"

घरच्या ग्रुपचं नाव होतं 'आमची फुलबाग'. त्यात चुलते, आत्या, मावश्या, त्यांचे जावई, जावयांचे भाऊ असा सगळा गोतावळा होता. तिघांनी तीन डोकी एका फोनवर घातली. काल मावशीने लिहिलं होतं, 'प्रवासात हरवलेल्या छत्रीवर आता पाणी सोडा.'

"पाणी सोडा!" भोंगा किंचाळला. "आणि काल कारंजं सुटलं!"

परवाचा मेसेज आत्याचा होता. 'आमच्या चिरंजीवांनी परीक्षेत काय दिवे लावले ते कळलं बरं का!'

"आणि भर दुपारी दिवे लागले," ताई पुटपुटली. "मामी, या ग्रुपमध्ये कुणी नवीन आलंय का?"

"आहे ना! तो 'मदतनीस' नावाचा. ना फोटो, ना बोलणं. मला वाटलं आत्याच्या सासरचा असेल, आत्याला वाटलं माझ्या माहेरचा. आजी बिचारी रोज विचारते, 'बाळा, तू कुणाचा? जेवलास का?' पण एक अक्षर उत्तर देईल तर शपथ! आजी म्हणते, हल्लीच्या पोरांना वळणच नाही."

मामाने मदतनिसाला चुकीच्या ग्रुपला जोडलं होतं! आणि तो बिचारा प्रामाणिकपणे घरच्यांच्या प्रत्येक वाक्यात बागेचं काम शोधत होता.

"काढून टाक त्याला!" भोंगा म्हणाला.

"काढायचा अधिकार फक्त मामाला आणि आजीला. आणि आजी म्हणते, दारात आलेल्याला हाकलायचं नसतं," मामी म्हणाली.

तिघं बागेकडे धावत सुटली. मागोमाग पायात चपला सरकवत मामीही निघाली. बागेत खुर्च्या मांडून झाल्या होत्या. कारंज्यातले चार दगडी मासे तोंडाचा आ करून सजले होते, आणि मामा पाहुण्यांच्या स्वागतासाठी केस विंचरत होता. ताईने एका दमात सगळं सांगितलं.

मामा हसायलाच लागला. "कामाचा ग्रुप 'फुलबाग', घरचा ग्रुप 'आमची फुलबाग'. मला काय दिसत नाही? फोन बॅगेत ठेवलाय मी, नंतर बघू. साहेबांसमोर माझी शोभा करू नका, जा!"

मोठी माणसं घाईत असली की त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पाहुणे येऊ लागले होते. माळीकाका स्वच्छ सदरा घालून एका बाजूला उभे होते. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी घट्ट धरला होता, जणू तो कुणीतरी ओढूनच नेणार होतं.

"निदान तासभर ग्रुपवर कुणी काही बोललं नाही, तर काका वाचतील," ताई म्हणाली. तिने मामीच्या फोनवर लिहिलं, 'तासभर या ग्रुपवर कुणीही काहीही लिहू नका.'

झालं! घरच्या ग्रुपवर 'बोलू नका' म्हणण्याइतकी मोठी चूक जगात दुसरी नसेल.

'का? काय झालं?' आत्या.

'सगळे बरे आहात ना?' आजी.

'कुणी काही बोललं का तुला?' मावशी.

आणि तिकडे इस्त्रीसाहेब फीत कापायला कात्री उचलतात न उचलतात, तोच मोठ्या काकांचा मेसेज आला. 'एवढी काय आग लागलीय?'

"आग!" शंकासुरचे डोळे विस्फारले. "ताई, बागेत आग लागली म्हटल्यावर मदतनीस काय करेल?"

फुस्स्स्!

चारही माशांच्या तोंडांतून पाण्याचे लोट उसळले! पहिली रांग भिजली, दुसरी रांग पळाली, कुणाची पर्स तर कुणाची चप्पल वाहायला लागली. इस्त्रीसाहेबांचा शर्ट अंगाला चिकटून त्याचं पार पोतेरं झालं.

"माळीबुवा!" साहेब गरजले. "आणा त्या किल्ल्या!"

माळीकाकांनी हात पुढे केला.

"थांबा!!" भोंगा असा ओरडला, की काकांच्या हातातला जुडगा खाली पडला आणि पळणारे पाहुणेसुद्धा जागच्या जागी थांबले. नावाचं सार्थक झालं म्हणायचं!

ताई पाण्याच्या माऱ्यातून धावत पुढे आली. फोन तिने ओढणीखाली झाकला होता. "साहेब, काकांचे दोन्ही हात धरून ठेवा. घट्ट! आता मी एक मेसेज पाठवणार आहे. आधी वाचून बघा."

"नुसतं 'बंद कर' लिही ना!" भोंगा कुजबुजला, म्हणजे त्याच्या मानाने.

"नाही. घरात बोलतात तसंच लिहिते. म्हणजे खरं काय चाललंय ते कळेल."

साहेबांनी नाकावरून निथळणारं पाणी पुसलं आणि वाचलं. "'सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.' ही काय थट्टा आहे?"

तरी त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि ताईने मेसेज पाठवला. काहीच घडलं नाही. पाणी उसळतच राहिलं. मामी देवाचं नाव घेऊ लागली, आणि शंकासुरलाही पहिल्यांदा स्वतःचीच शंका आली.

आणि मग एक मासा थांबला. दुसरा थांबला. तिसरा, चौथा... चौघांचीही तोंडं कोरडी ठणठणीत!

काकांचे दोन्ही हात साहेबांच्याच हातात होते.

शंकासुरने सगळी हकिगत सांगितली. दिवे, छत्री, भाजी, एकही शंका शिल्लक ठेवली नाही. मामाने बॅगेतून फोन काढला. ग्रुपचं नाव एकदा वाचलं, डोळे चोळून पुन्हा वाचलं. मग तो मान खाली घालून माळीकाकांसमोर येऊन उभा राहिला.

"काका, चूक माझी आहे. माझ्या घाईपायी तुमची खोली गेली असती. आणि ही पोरं सांगत होती, तर मी त्यांनाच उडवून लावलं. माफ करा मला."

"माफी मी मागायला हवी," इस्त्रीसाहेब म्हणाले. "शहानिशा न करता भलत्याच माणसावर आळ घेतला मी." त्यांनी खाली पडलेला जुडगा उचलला, ओल्या रुमालाने पुसला आणि काकांच्या हातात ठेवला.

काकांनी तिघांना जवळ ओढलं आणि डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या रोपांना आता कोण पाणी घालणार, म्हणून सकाळपासून मला काही सुचत नव्हतं रे!"

मामाने तिथल्या तिथे मदतनिसाला योग्य ग्रुपला जोडलं. सोबत नवी ताकीदही दिली, 'माळीकाकांना विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही.' घरच्या ग्रुपवर आजीला खरं कळलं तेव्हा तिने लिहिलं, 'यंत्र होतं होय! तरीच जेवत नव्हतं.'

भिजलेले पाहुणे एव्हाना हसत हसत खुर्च्या पुसून बसले होते. इस्त्रीसाहेब त्यांच्यासमोर उभे राहिले. शर्टाला सुरकुत्याच सुरकुत्या होत्या आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नव्हतं. त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि कामाच्या ग्रुपवर पहिलाच मेसेज लिहिला, 'आज या मुलांनी खरोखरच दिवे लावले!'

मामाचा फोन किणकिणला आणि त्याने मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. मदतनीस पहिल्यांदाच बोलत होता, 'माळीकाका, दिवे खरंच लावू का?'

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी आभाळाकडे पाहिलं. अंधारून येत होतं, पाखरं झाडांवर परतत होती.

"लाव म्हणावं," काका म्हणाले.

आणि सगळी बाग उजळून निघाली.